दूरचे हात

पगारी माणसास आज्ञा करतां येते. स्वयंसेवकास विनवावें लागतें, आणि तो दूर असला म्हणजे विनंतीबरोबर विश्वासही पाठवावा लागतो. हा धडा आम्हांस उतारवयांत मिळाला.

सन २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली आणि आमच्या गांवच्या वाचनालयाचें दार बंद झालें. नोंदवह्यांतील ग्रंथयादी संगणकावर चढविण्याचें काम स्वयंसेवकांनीं घरूनच करावें, असें ठरलें. चिटणीस या नात्यानें आम्ही रोज सकाळीं व्हॉट्सॲपवर फर्मानें सोडूं लागलों. महिन्याभरांत बारांपैकीं पांचच उरले. पंधरा वर्षें पुस्तकांना कव्हरें घालणाऱ्या एक वृद्ध बाई तर प्रथमपासूनच वगळल्या गेल्या. त्यांच्यापाशीं तसला फोन नव्हता, आणि त्यांना विचारावें हें आम्हांस सुचलेंच नाहीं.

त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची हकीकत आमच्या वाचनांत आली. १८७९ मध्यें जेम्स मरे या शाळामास्तरांनीं त्याचें संपादन हातीं घेतलें. पूर्वीं जमविलेल्या चिठ्ठ्या विस्कळित होत्या, कांहीं गहाळ होत्या, एका पोत्यांत तर उंदरांनीं घर केलें होतें. मरेसाहेबांनीं छापील आवाहन काढलें. चिठ्ठीवर शब्द, सन, ग्रंथकाराचें नांव व पृष्ठांक कसे लिहावे, हें नेमकें सांगितलें. त्यांनीं कधीं न पाहिलेले शेंकडों वाचक इंग्लंड-अमेरिकेंतून टपालानें चिठ्ठ्या धाडीत, आणि साहेब स्वहस्तें उत्तरें लिहीत. ते १९१५ मध्यें वारले. तरी सहकाऱ्यांनीं १९२८ मध्यें कोश पुरा केला. साहेब गेले, पण कामाची रीत मागें राहिली होती.

हें वाचून आम्हीं फर्मानें थांबविलीं. प्रत्येकास ठराविक पानें, एक नमुना व शंका विचारण्याची वेळ नेमून दिली. आलेल्या कामाची पोंच त्याच दिवशीं देऊं लागलों. त्या बाईंना साधा फोन केला. त्या म्हणाल्या, "मास्तर, मला वाटलें, माझी गरज संपली." निर्बंध सैल होतांच एक नोंदवही त्यांच्या घरीं पोंचविली. त्या फोनवरून नांवें वाचीत, आमचा नातू तीं उतरवून घेई.

गेलेल्यांपैकीं तिघे परतले. चौघे आले नाहींत. त्यांस आम्ही दोष देत नाहीं.

संस्था चालविणाऱ्या वाचकांस इतकेंच सांगणें: पद्धत बदलण्यापूर्वीं आपल्या माणसांची यादी काढावी, आणि शेवटच्या नांवापर्यंत विचारपूस स्वतः करावी.