मावशींच्या सर्दीची रजा

मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 साली देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. तेव्हापासून या उपचाराची चर्चा डॉक्टर, औषधे आणि खर्च यांभोवतीच फिरते. वॉर्डात रुग्णांची सेवा करणाऱ्या मावशी-मामांचे नाव क्वचितच निघते.

प्रत्यारोपणानंतर काही दिवस रुग्णाच्या रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मायक्रोलिटरमागे 500च्याही खाली जातात. एरवी जखम लाल होते, पिकते. इथे पू धरायला लागणाऱ्या पेशीच नसतात. अनेकदा ताप हीच संसर्गाची एकमेव खूण. म्हणून अंग पुसताना मावशींना काखेत किंवा शिरेत घातलेल्या नळीभोवती दिसलेला पुसटसा लालसरपणा, ‘आज हे जेवले नाहीत, गप्प आहेत’ हे त्यांचे सांगणे, यांना मोल आहे. तोंड आलेल्या रुग्णाचे दात मऊ ब्रशने हळुवार घासणे, कूस बदलताना त्वचा सोलू न देणे हेही त्याच करतात.

आणि हात धुणे. आधी, नंतर, हातमोजे काढल्यावरही.

पण अनेक ठिकाणी या मावशी कंत्राटी असतात. सर्दी झाली म्हणून घरी राहिल्या तर रोज बुडतो. कामावर आल्या तर ज्याला साधा फ्लू जिवावर बेतू शकतो, त्याच्या उशाशी उभ्या राहतात. हा पेच त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. भरपगारी आजारपणाची रजा, दरवर्षी फ्लूची मोफत लस आणि मराठीतून प्रत्यक्ष करून दाखवलेले प्रशिक्षण हा संसर्गनियंत्रणाचाच खर्च धरला पाहिजे. सकाळच्या राउंडला सिस्टरांबरोबर मावशींनाही विचारावे, रात्री काय दिसले ते.