पहिली दोन अक्षरे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पाटणकर बाजार आहे. त्याच लष्करात शिंदे की छावणी आहे, फालका बाजार आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ तिथे पडला तो पुन्हा उठलाच नाही, आणि तळाचे नावच गावाला चिकटले. दोनशेहून जास्त वर्षे झाली. घरात मराठी बोलणारी कुटुंबे तिथे अजून आहेत, पण दारातल्या स्कूटरवर अर्थातच एमपी ०७ लिहिलेले असते. आता त्यांच्यातले कोणी मे महिन्यात गाडी काढून मंगेशीच्या नाहीतर शांतादुर्गेच्या दर्शनाला निघाले, तर पत्रादेवीला उभा असलेला आमचा शिपाई काय वाचणार? आडनाव नाही, भाषा नाही. एमपी, एवढेच. आणि डिचोलीचा कोणी तानसेनाची समाधी बघायला तिकडे गेला तर तिथला शिपाई जीए वाचणार. वाचून झाल्यावरचे वाक्य दोन्हीकडे सारखेच: गाडी साइडला घ्या.

मंडळी, मला या वाचनाबद्दलच थोडे लिहायचे आहे.

गाडीवर नंबर लावण्याची सक्ती पहिल्यांदा पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली केली. हेतू साधा होता. धडक देऊन पळालेली गाडी कोणाची ते सापडावे. म्हणजे पाटी मुळात एका विशिष्ट गाडीला ओळखण्यासाठी आहे, तिच्या मालकाचा मुलूख ओळखण्यासाठी नव्हे. आपल्याकडे पाटीची सुरुवात राज्याच्या अक्षरांनी होते ती नोंदणीच्या सोयीसाठी. जुन्या गोवेकरांना ‘जीडी’ने सुरू होणारे नंबर आठवत असतील. दमण आणि दीव आपल्याबरोबर होते तेव्हाचे ते. घटक राज्य झालो आणि पुढे जीए आले. गंमत म्हणजे ०७ हा आकडा ग्वाल्हेरचा आहे, सिंधुदुर्गाचा आहे आणि पणजीचाही आहे. फरक फक्त त्याच्या आधीच्या दोन अक्षरांचा, आणि रस्त्यावरचा सगळा तमाशा त्या दोन अक्षरांवर चालतो.

पाटी नीट वाचायची म्हणजे काय, हे एकदा समजून घ्यायला हवे. शिपायाच्या हातातल्या यंत्रात नंबर टाकला की ‘वाहन’ या देशभरच्या नोंदवहीतून माहिती समोर येते. मालक कोण, कंपनी आणि मॉडेल कुठले, रंग कोणता, विमा आणि पीयूसी कधी संपते, आधीचे तालांव भरायचे राहिलेत का. मग ती माहिती समोरच्या गाडीशी ताडून बघायची. नोंदीत लाल स्कूटर असेल आणि समोर काळी बुलेट उभी असेल तर पुढचे बोलणे वेगळे. संशय राहिलाच तर चॅसी नंबर बघायचा. मोटारसायकलला तो हँडलच्या खाली सांगाड्यावर ठोकलेला असतो, पाटीसारखा स्क्रू काढून बदलता येत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेसरने कोरलेला वेगळा क्रमांक असतो, आणि ती एकदा बसवली की मोडल्याशिवाय निघत नाही. हे सगळे तपासायला दोन मिनिटे पुरतात. मात्र ती दोन मिनिटे खर्च करायची तयारी हवी. दोन अक्षरे वाचून शिट्टी मारायला दोन सेकंदही लागत नाहीत.

नंबर नेमका हाती असला की काय होऊ शकते ते मुंबईने बघितले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाब आणि त्याचा साथीदार हिसकावलेल्या चंदेरी स्कोडातून निघाले. त्या गाडीची खबर वायरलेसवरून डी. बी. मार्ग पोलिसांच्या गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीपर्यंत पोहोचली, म्हणून ती गाडी ओळखता आली. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी तिथे काय केले ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत अंबानींच्या घराजवळ स्फोटके ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली. तिची पाटी खोटी होती. पुढच्याच महिन्यात मिठी नदीच्या पात्रातून एनआयएने ज्या वस्तू बाहेर काढल्या त्यांत नंबरप्लेटही होत्या. मुंबईत एमएच बघून कोण कोणाला थांबवणार? ज्याला खरोखर लपायचे असते तो स्थानिक अक्षरांच्याच आड लपतो. एवढी अक्कल त्याला असतेच.

आपल्या गोव्यात हे रोज दिसते. परवाना असलेल्या भाड्याच्या स्वयंचालित गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. पण पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या पर्यटकांना भाड्याने देण्याचा धंदा गावागावात चालतो, त्यावरून टॅक्सीवाल्यांची ओरड वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. त्या गाड्यांवर काय असते? जीए! अक्षर वाचणाऱ्या शिपायासमोरून त्या निवांत निघून जातात आणि मागून येणारे कोल्हापूरचे कुटुंब उन्हात उभे राहून कागद काढत बसते.

शिपायाची बाजूही आहे, नाही असे नाही. दारू पिऊन बेभान गाडी हाकणारे, समुद्रकिनाऱ्यावर वाळूत जीप घालणारे बाहेरचे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत आणि त्यांचा राग मलाही येतो. पण त्यांना थांबवायला त्यांचे वागणे पुरेसे आहे. अमेरिकेत १९७९ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापुढे डेलावेअर राज्याचा एक खटला आला होता. पोलिसाने एक मोटार थांबवली होती. कारण काही नव्हते, हाताशी दुसरे काम नव्हते, म्हणून कागद बघायचे ठरवले. न्यायालयाने सांगितले की संशयाला काही आधार नसताना, आपल्या लहरीने एखादीच गाडी निवडून केवळ लायसन्स आणि नोंदणी तपासायला थांबवता येणार नाही. आपल्याकडे कायदा तितका कडक नाही. गणवेशातला कोणताही पोलीस लायसन्स मागू शकतो. तरीही ‘परराज्यातली गाडी’ हा गुन्हा मोटार वाहन कायद्यात मला कुठे सापडला नाही. उलट कलम ४७ म्हणते की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तरच नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आठवड्यासाठी आलेल्या माणसाकडे एनओसी मागणे म्हणजे कायद्याला आपल्या पदरचे कलम जोडणे. कर्नाटकाने २०१४ साली ही मुदत कराच्या बाबतीत ३० दिवसांवर आणली होती, ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द ठरवली. तेव्हा बेळगाव-हुबळीकडे जाणाऱ्या आपल्या लोकांना किती बरे वाटले होते! दुसरीकडे आपली गाडी अडवली की अन्याय आणि इकडे एमएच, केए अडवली की ‘बरे झाले’, असे दोन काटे आपण बाळगतो.

जाता जाता देवनागरी पाट्यांबद्दल. आमच्या मराठीप्रेमी मित्रांना त्या आवडतात, आणि ४१४१ चा ‘दादा’ करणारे तर कलावंतच म्हणायचे. पण १९८९ च्या केंद्रीय नियमांत अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीयच सांगितले आहेत. मराठीचा अभिमान मिरवायला दुकानाची पाटी आहे, घराची आहे. धडक देऊन पळणाऱ्या गाडीचा नंबर रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाला वाचता यावा, हे मला अभिमानापेक्षा मोठे वाटते.

मेरशीच्या सिग्नलवर २०२३ पासून कॅमेरे बसले आहेत आणि तालांव घरी येतो. त्या कॅमेऱ्याला जीए काय नि एमपी काय, तांबडा दिवा ओलांडला की झाले. आणि २०२१ पासून ‘बीएच’ मालिकाही निघाली आहे, बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी. तिच्यात सुरुवातीला नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे येतात, राज्याचे नावच नाही. पाटणकर बाजारातला एखादा बँकवाला उद्या अशी गाडी घेऊन मोलेच्या नाक्यावर आला तर शिपाईबाबांना पाटी शेवटपर्यंत वाचावी लागेल.