हारोसेत आणि फळ्यावरचे दोन रकाने

प्रतीक शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो : प्रतीक आणि अर्थ. या सवयीला आमचा विरोध आहे. साक्षीला आम्ही हारोसेत आणतो.

यहुदी वल्हांडणाच्या सेदेर-भोजनातले हे कालवण युरोपात सफरचंद, अक्रोड, दालचिनी व वाइन यांचे करतात. इराकी घरांत खजुराच्या पाकात अक्रोडाचा कूट घालतात. तोरामध्ये बेखमीर भाकर व कडू भाजी यांची आज्ञा आहे, हारोसेतची नाही. ‘मिसरातल्या गुलामांचा चिखल’ हा त्याचा रूढ अर्थ. परंतु तालमुदात रब्बी योहानान चिखल म्हणतात, तर रब्बी लेवी सफरचंदाच्या झाडाची आठवण. अबाये सांगतात : मग ते आंबटही करावे, दाटही. वाद मिटवला नाही, वाटीत कालवला!

आणि चिखल गोड का? दास्य स्मरताना जीभ सुखावते, ही अस्वस्थता कोणत्या रकान्यात लिहायची?

१८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करतात. म्हणजे ही चर्चा मराठीला परकी नाही. परके आहेत ते आपले रकाने. ते आधी पुसू या.