ध्वजस्तंभाआडचा तारा

निवासी शाळेत रात्रीचे दिवे मालवले की दिवसाचे शिक्षण संपले, असे आपण धरून चालतो. माझ्या मते त्यानंतरची पंधरा मिनिटे वेळापत्रकात असायला हवीत, ती आकाशाखाली.

जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळी सरली की भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. मुले वसतिगृहात राहतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कृत्तिकांचा पुंजका दिवस मावळताच पूर्वेला उगवतो. रोज सुमारे चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास लवकर, असा तो सरकत जातो आणि मे महिन्यात सूर्याच्या तेजात दिसेनासा होतो. आईवडिलांच्या जाण्यापासून परतण्यापर्यंतचा काळ या चांदण्यांच्या चालीवर मोजता येतो. मुलांना ठाऊक असते ते केवळ ‘मृग लागला’ एवढेच. पण जूनमध्ये मृग लागतो तेव्हा आकाशातला मृग दिसत नाही, कारण सूर्यच त्या भागात असतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

यासाठी दुर्बीण नको, आणि तिच्या अनुदानाची वाट पाहणे तर नकोच. अंगणातील एका ठरलेल्या दगडावर बसावे व एखादा तारा ध्वजस्तंभाच्या टोकाआड जाण्याची वेळ वहीत लिहावी. दुसऱ्या रात्री तोच तारा चार मिनिटे आधी तेथे पोहोचतो. उत्तरेकडे हात लांब करून मुठीवर मूठ धरावी. क्षितिजापासून दोन मुठींवर, सुमारे २० अंशांवर, ध्रुव सापडतो. जव्हारचे अक्षांशही तेवढेच. त्याच्या अढळपदाची कथा मुलांनी ऐकलेली असते, पण तोही अढळ नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. सुमारे १२,००० वर्षांनी उत्तरेचा मान अभिजिताकडे जाईल. अनित्यतेचे वचन वंदनेत म्हणणाऱ्या मुलांना हे जड जाऊ नये.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला अधिक मोलाची वाटते ती आर्यभटाची हकीकत. इ.स. ४९९ च्या सुमारास त्याने मांडले की, नावेतील माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी. वराहमिहिराने विचारले, मग पक्ष्यांना आपली घरटी कशी सापडतात? ब्रह्मगुप्तानेही मत नाकारले. आक्षेप घेण्यात गैर काहीच नाही. परंतु पुढील काही टीकाकारांनी मूळ शब्दांचाच अर्थ फिरवून पृथ्वी पुन्हा थांबवली, हे मला क्षम्य वाटत नाही. ग्रंथ पूजायचा आणि त्यातला विचार पुसायचा, ही रीत आपल्या समाजाच्या चांगल्या परिचयाची आहे.

परंपरा, ग्रंथ वा गुरूचा शब्द एवढ्यावरच काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मग आर्यभटही तपासावा लागेल. ध्वजस्तंभ इतकेच दाखवतो की काहीतरी फिरत आहे. फिरते ती पृथ्वीच, हे १८५१ साली पॅरिसमध्ये फूकोच्या लंबकाने लोकांना डोळ्यांदेखत दाखवले. लंबकाचा तास वरच्या वर्गात घेता येईल. आधी वही हवी. पहिला रकाना तारखेचा, दुसरा वेळेचा आणि तिसरा ‘ढग’ या शेऱ्याचा. आमच्याकडे पावसाचे चार महिने तोच भरेल.