अण्णांची कळशी

ताडकळसला आमच्या घरी अण्णांच्या खाटेखाली रात्री पाण्याचा तांब्या असतो. एका उन्हाळ्यात सुट्टीला गेलो, तर तांब्याच्या जागी कळशी आलेली, आणि तीही पहाटे रिकामी. अण्णा रात्रीतून चार-चार वेळा उठून बाहेर जाऊन यायचे. मी विचारलं तर आई म्हणाली, "परभणीचा उन्हाळा हाय, तहान लागणारच की." मलाही पटलं.

पटायला नको होतं. उन्हाळ्यात घाम जातो, तहान वाढते, पण लघवी कमी होते. इथं दोन्ही वाढलं होतं! इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असून एवढा साधा हिशोब मला सुचला नाही. दिवाळीत तपासलं तेव्हा उपाशीपोटी साखर २४० निघाली.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी अडवता येत नाही. येलदरी भरलं की दरवाजे उघडावे लागतात, तसंच. साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे पाणी प्यालं म्हणून लघवी लागते असं नाही, लघवीतून पाणी गेलं म्हणून तहान लागते. घरचे नेमकं उलटं समजतात आणि "रात्री पाणी कमी पीत जा" असा सल्ला देतात. आम्हीही दिला. तळपायाची रात्रीची आग, मुंग्या येणं, हेही आपण थकव्यावर ढकलतो.

अर्थात रात्री उठणारा प्रत्येक जण मधुमेही नसतो. प्रोस्टेट असतं, बीपीची एखादी गोळी असते. पण ते तपासून ठरवावं, अंदाजाने नाही.

"अण्णा तर काडीसारखे, त्यांना कशी शुगर?" हाही प्रश्न घरात झालाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. अंगातली चरबी मात्र त्या साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! तेव्हा बारीक आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

होस्टेलवाल्यांसाठी आणखी एक. इन्सुलिन घेणारा रूममेट रात्री घामाने भिजून उठला, थरथरत असंबद्ध बोलू लागला, तर ते सबमिशनचं टेन्शन समजून हसू नका. साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली की डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. मेसच्या मामांनी आणि रात्रपाळीच्या वॉचमन काकांनीही करून घ्यावी.

गोळ्या सुरू झाल्यावर महिनाभरात कळशी माजघरात परत गेली. आई अजूनही म्हणते, थंडी पडली म्हणून.