ओढ्याने वाट अडविली तेव्हा

गेल्या श्रावणात आम्ही चौघे मित्र चाळीसगावहून पितळखोऱ्याला गेलो. ओढ्याला लोंढा आला होता. पलीकडची लेणी नुसती दिसत होती. "येथे भक्कम पूल हवा!" एक मित्र चिडून म्हणाला. मला ते पटले नाही.

फ्रान्समधील मों-सें-मिशेल हा मठ मोठ्या भरतीत समुद्राने वेढला जातो. १८७९ मध्ये तेथे भराव घालून रस्ता केला. गाळ साचून बेटाचे बेटपण जाऊ लागले. अखेर २०१४ मध्ये खांबांवरचा पूल झाला आणि भराव काढावा लागला.

आपली लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. भिक्षू पावसाळ्यात प्रवास थांबवून वर्षावास करीत. मग आपल्यालाच एवढी घाई का? पाणी ओसरेपर्यंत थांबावे, हेच बरे.