प्लॅस्टिकच्या पिशवीतला पुरावा

रहस्यकथा लिहिणाऱ्या माझ्या जातभाईंवर माझा पहिला राग आहे. आणि त्या जातीत मीही येतो, म्हणून तो स्वतःवरही आहे. आमचा डिटेक्टिव्ह वाकतो, गालिच्यावरचा रक्ताचा डाग पाहतो, आणि पुढच्याच प्रकरणात खुनी गजाआड! मधली पाने आम्ही लिहीतच नाही. ती कंटाळवाणी असतात ना! पण वाचकहो, माणसाची मान फासात अडकते किंवा फासातून सुटते, ती ह्याच न लिहिलेल्या पानांवर.

"डीएनए जुळला, मग खटला हवा कशाला?" असे हल्ली शहाणी माणसेदेखील विचारतात. १९८४ साली इंग्लंडात लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज ह्यांना ही विद्या गवसली. ती थोर आहे, ह्यात वादच नाही. तिच्या पहिल्याच खून-तपासात तिने आधी एका निरपराध पोराला सोडवले, आणि त्या पोराने तर गुन्हा कबूलही केला होता! पण ही विद्या पिशवीत जे आले तेवढेच तपासते. पिशवीत ते कसे आले, हे तिला कोण सांगणार?

जर्मनीतली एक गोष्ट ऐका. २००७ साली हाइलब्रोन शहरात एका तरुण पोलीस बाईचा खून झाला. जागेवर एका अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसएक गुन्ह्यांत निघाला. कुठे खून, कुठे घरफोडी! केवढी ही कैदाशीण! तिच्यावर तीन लाख युरोंचे बक्षीस लागले. २००९ साली उलगडा झाला. नमुने टिपायच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात तयार होत, तिथली ती एक साधी कामगार बाई होती. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या; पण जंतू मेले म्हणून बोटांचा डीएनए पुसला जात नाही. पोलीस इतकी वर्षे आपल्याच कापसाचा पाठलाग करीत होते.

ही झाली श्रीमंत देशाची कथा. आपल्याकडे दुखणे ह्याहून साधे आहे. गरम चकल्या डब्यात भरून झाकण लावले तर काय होते, हे आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. रक्ताने भिजलेला सदरा ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, तर तेच होते. ओलाव्यात जंतू माजतात आणि डीएनएचे तुकडे पाडतात. सदरा सावलीत वाळवायचा, कागदात बांधायचा, एकात दुसरी वस्तू मिसळायची नाही, हातमोजे दर वेळी बदलायचे. ह्याला विलायती यंत्र लागत नाही. खाकी कागद लागतो आणि थोडी चाड लागते.

तमिळनाडूतील २०११ सालच्या एका दुहेरी खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सोडले. डीएनए पुराव्याच्या हाताळणीतच भोके पडली होती. तो खरोखर निरपराध असेल, तर इतकी वर्षे त्याच्या मानेवर दोर लोंबत होता. नसेल, तर मेलेल्यांना न्याय मिळाला नाही. दोन्हींपैकी काय, हे आता कोण सांगणार? न्यायालयाने त्याच निकालात देशभरच्या पोलिसांना बजावले की नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला ह्याची नोंदवही ठेवा.

हे न्यायालयाला सांगावे लागते! आमच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरात पोराची जन्मतारीख बदलायची तर हेडमास्तरांपासून वरपर्यंत कागद हलतात. रक्ताच्या नमुन्याला तेवढीही इज्जत नको?

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने जागेवर जावे असे ठरवले आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत सवड आहे. बरे आहे. पण तज्ज्ञाने गोळा केलेले पाकीट शेवटी मुद्देमाल कारकुनाच्याच हाती येणार. त्याची खोली कोणी पाहिली आहे? त्याला कोणी शिकवले आहे? प्रयोगशाळेच्या इमारतीची फीत कापायला पुढारी धावतात. मुद्देमालाच्या खोलीत एक फ्रिज, एक वाळवण्याचे कपाट आणि कागदी पाकिटांचा गठ्ठा देण्यासाठी मात्र कोणाला हार घालून घ्यायचा नसतो. आधी तो गठ्ठा द्या. आणि त्या कारकुनाला लिहायला एक वही.